वर्षश्राद्ध झालं, पुढे काय? तरुण वयात जोडीदार गेलेल्यांसाठी

कोकणात माणूस गेलं की पहिलं वर्ष आखून दिलेलं असतं. दहावं, बारावं, तेरावं, दर महिन्याचं श्राद्ध, पितृपक्षातली भरणी. त्या वर्षी घरात सणाचा थाट नाही, लग्नकार्य नाही. मुंबईचे दीर, नणंदा येऊनजाऊन असतात. मग वर्षश्राद्ध होतं, पंगत उठते आणि गावाच्या लेखी तुमचं दुःख फिटलेलं असतं. "आता पोरांकडे बघान दिवस काढूचे," असं सांगून माणसं आपापल्या कामाला लागतात. ती वाईट नसतात. पण ज्यांचा जोडीदार ऐन तिशीत नाहीतर चाळिशीत गेला, त्यांच्यापुढे अजून तीस-चाळीस वर्षं असतात आणि त्या वर्षांसाठी कुठल्याही पोथीत विधी सांगितलेला नाही.

हा लेख त्या वर्षांसाठी आहे. माझा नवरा गेला तेव्हा मुलगी पहिलीत होती. पुढे आमच्या पंचक्रोशीतल्या अशाच बायकांबरोबर, काही पुरुषांबरोबरही, तहसिलीच्या पायऱ्या चढताना, एकमेकांच्या घरी बसताना जे कळत गेलं ते इथे लिहिते आहे. अनेकांना दुसरं वर्ष पहिल्यापेक्षा जड जातं. पहिल्या वर्षी मन बधिर असतं आणि घर माणसांनी भरलेलं असतं. दुसऱ्या वर्षी दोन्ही ओसरतं. तुमचं तसंच होत असेल तर तुमच्यात काही कमी आहे असं समजू नका.

पहिली पायरी : कागद

मनाचं नंतर बघू. राहिलेला कागद रात्रीची झोप खातो आणि काही कागदांना मुदत असते, म्हणून सुरुवात इथून.

मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. ती बहुतेकांची झालेली असते. दाखल्याच्या निदान दहा प्रती काढून घ्या, कारण बँक, विमा, तहसील, शाळा, सगळीकडे तो लागतो. नाव आणि जन्मतारीख आधार कार्डाशी जुळते का तेही तेव्हाच पाहा. गावात एक नाव, मुंबईच्या कंपनीत दुसरं स्पेलिंग, हा कोकणातला नेहमीचा घोळ. तो नंतर निस्तरायला फार हेलपाटे पडतात.

मग पासबुक उघडा आणि दरवर्षी मे अखेरीला कापलेल्या दोन रकमा शोधा : ४३६ रुपये आणि २० रुपये. ४३६ म्हणजे प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा, मृत्यू कशानेही झाला तरी २ लाख. २० म्हणजे सुरक्षा विमा, अपघाती मृत्यूला २ लाख. खातं उघडताना कधीतरी सही केलेली असते, घरात कुणाला माहीत नसतं आणि पैसे तसेच पडून राहतात. दावा त्याच बँकेत करायचा. सगळ्या खात्यांची पासबुकं बघा, पतसंस्थेतली दैनिक ठेवही विसरू नका. खात्याला नॉमिनी असेल तर बँकेने तुमच्याकडे कोर्टाचा वारसदाखला मागायचं कारण नाही.

नोकरीत असताना माणूस गेला असेल आणि भविष्य निर्वाह निधी कापला जात असेल तर तीन वेगवेगळे दावे असतात : साठलेला निधी, त्याला जोडलेला विमा (कमाल ७ लाख) आणि पती किंवा पत्नी व मुलांचं मासिक निवृत्तिवेतन. कंपनीचा माणूस पहिल्या दाव्याचे पैसे देऊन "झालं" म्हणतो. उरलेले दोन तुम्ही तोंडाने मागा.

शेतकरी कुटुंबातलं कुणी झाडावरून पडून, सर्पदंशाने, वीज पडून किंवा वाहन अपघातात गेलं तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतून २ लाख मिळतात. अर्ज ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे जावा लागतो, म्हणून हे वाचणाऱ्यांनी आपल्या वाडीत सांगून ठेवा. मासेमारी करणाऱ्यांसाठी मत्स्यव्यवसाय विभागाचा गट अपघात विमा ५ लाखांचा असतो. त्याची चौकशी मच्छीमार सोसायटीत करायची. उत्पन्न अगदीच नसेल तर संजय गांधी निराधार योजनेतून महिन्याला १५०० रुपये (वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत हवं) आणि एकपालक मुलांसाठी बालसंगोपन योजनेतून मुलामागे महिन्याला २२५० रुपये मिळू शकतात. बालसंगोपनाचा अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करतात. आई किंवा बाप, कुणीही एकच उरलं असलं तरी तो करता येतो, हे पुरुषांनीही लक्षात ठेवा.

आता जमीन. इथे कोकणची गोष्ट वेगळी आहे. सातबारा आजेसासऱ्यांच्या नावावर, त्यावर पन्नास-साठ नावं, त्यातली निम्मी मुंबईत. तुमच्या नवऱ्याचं नाव असेल तर त्याच्या जागी वारसांची नावं लावून घ्या. मुदत तीन महिन्यांची आहे, पण उशीर झाला म्हणून हक्क जात नाही. तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) अर्ज दिला की नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस जातात, मग मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. घरासाठी ग्रामपंचायतीत असेसमेंटचा उतारा वेगळा असतो. तिथेही नाव लावावं लागतं. सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणून असेसमेंटवर आपोआप लागत नाही.

हिंदू वारसा कायद्यात (१९५६) नवरा मृत्युपत्र न करता गेला तर पत्नी, मुलगे, मुली आणि त्याची आई हे पहिल्या वर्गातले वारस, सगळ्यांना सारखा वाटा. सासूबाईंचाही हक्क आहे, तो नाकारू नका. पण तुमचा त्यांच्याइतकाच आहे. कोकणी मुसलमान घरात मुलं असतील तर पत्नीला आठवा हिस्सा, नसतील तर चौथा. ख्रिस्ती घरात मुलं असतील तर पत्नीला तिसरा हिस्सा. वडिलोपार्जित सामाईक जमिनीचा हिशेब गुंतागुंतीचा होतो, तिथे तालुक्याच्या ठिकाणच्या वकिलाला एकदा पैसे देऊन विचाराच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. दुःखात असताना हक्कसोडपत्रावर सही करू नका. "तू एकटी कुठे कोर्टकचेऱ्या करशील, आम्ही बघू," हे वाक्य प्रेमाने म्हटलेलं असतं, कधी खरोखरच प्रेमाने. तरी उत्तर एकच द्या : "भावोजी, कागद ठेवून जा, मी वाचून कळवते." ज्याचा हेतू चांगला आहे तो थांबतो. अज्ञान (म्हणजे अठरा वर्षांखालच्या) मुलांचा हिस्सा विकायला सर्वसाधारणपणे न्यायालयाची परवानगी लागते, हेही माहीत असू द्या. नवऱ्याने उसने घेतले होते असं सांगत कुणी आलं तर लेखी पुरावा मागा. कर्जफेडीची वारसाची जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते, तुमच्या स्त्रीधनावर किंवा पगारावर ती येत नाही. फक्त तुम्ही स्वतः जामीन राहिला असाल किंवा कर्जावर तुमचीही सही असेल तर गोष्ट वेगळी.

दुसरी पायरी : दुःख कसं वागतं ते समजून घ्या

दुःखाच्या पाच पायऱ्या असतात, शेवटी स्वीकार येतो, हे कुठेतरी ऐकलेलं असतं. त्या पायऱ्या १९६९ मध्ये मांडल्या गेल्या त्या स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांकडे पाहून. मागे राहिलेल्यांचं दुःख असं जिना चढत नाही. तिसऱ्या वर्षी पहिल्या आठवड्यासारखा हंबरडा फुटू शकतो.

मला सगळ्यात उपयोगी पडलं ते मार्गारेट श्ट्रोबे आणि हेन्क शूट या दोन अभ्यासकांनी १९९९ मध्ये मांडलेलं सूत्र. त्यांचं म्हणणं असं की माणूस दोन गोष्टींमध्ये ये-जा करत राहतं. एकीकडे गेलेल्याची आठवण, रडणं, फोटो बघणं. दुसरीकडे पंप दुरुस्त करणं, मुलीची फी भरणं, नवं काही शिकणं, हसणंसुद्धा. ही ये-जा चालू आहे तोवर गाडी रुळावर आहे. एकाच बाजूला महिनोन् महिने अडकून पडलं की त्रास वाढतो. दिवसभर कामात बुडून "मला रडायला वेळच नाही" म्हणणाऱ्या बाईलाही हे लागू आहे आणि दाराची कडी लावून पडून राहणाऱ्या पुरुषालाही.

म्हणून रोज दोन्हींना थोडी जागा ठेवा. इथे एक अडचण येते, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही : रडायचं कुठे? आपल्या घरांना माजघर आहे, पडवी आहे, खळं आहे, पण एकटीने बसायला खोली नाही. सासूबाईंसमोर रडलं की त्यांचं रक्तदाब वाढतो, मुलांसमोर रडलं की ती घाबरतात. जागा शोधून ठेवा. बागेतला मांगर, पहाटेची पुळण, तालुक्याला जाणाऱ्या एसटीची मागची खिडकी, मैत्रिणीचं परसदार. एक बाई मला म्हणाल्या की त्या चुलीत ओली लाकडं घालतात, म्हणजे डोळे का लाल झाले ते कुणी विचारत नाही. कुणावरही अशी वेळ येऊ नये. पण जागा हवी, ती मागून घ्या. "मी अर्धा तास बागेत जाऊन येते," एवढं सांगायला पुरतं.

अंगाचंही बघा. झोप, जेवण, पाळी, वजन, साखर, रक्तदाब, सगळ्यावर परिणाम होतो. वर्षातून एकदा प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्या. जोडीदार असताना "जा गं दाखवून ये" म्हणणारं कुणीतरी होतं, आता ते काम तुमच्याकडेच आलं.

तिसरी पायरी : जोडीदाराची कामं वाटून घ्या

माणूस जातं तेव्हा त्याच्याबरोबर घरातली असंख्य कामंही पोरकी होतात आणि नेमकं त्यातलं एखादं कोलमडतं तेव्हा दुःख उसळून येतं. मेच्या शेवटी वळवाची सर आली, माळ्यावर गळती लागली, आणि कौलं कोण फिरवून घेणार ते कळेना. त्या क्षणी माणूस कौलांसाठी रडत नसतं.

एक वही घ्या. वर्षभरात जोडीदार काय काय करायचा ते महिन्याप्रमाणे लिहून काढा. माघ-फाल्गुनात काजूच्या मुळात झाडलोट, आंब्याला राखण, बागेचा करार. मेमध्ये कौलं, पन्हळी, पडवीला झापं, लाकूडफाटा आत घेणं. जूनमध्ये भाताचं बियाणं, खत. वर्षभर वीजबिल, गॅस, दुचाकीचा विमा, घरपट्टी, पतसंस्थेचा हप्ता. प्रत्येकासमोर तीनपैकी एक लिहा : मी शिकते, पैसे देऊन करून घेते, सोडून देते. तिसरा पर्यायही खरा आहे. लांबच्या डोंगरावरची काजूची दहा झाडं दोन वर्षं तशीच राहिली तर जग बुडत नाही.

आंब्याची बाग कराराने दिलेली असेल तर करार लेखी आणि तुमच्या नावाने करून घ्या. तोंडी व्यवहार नवऱ्याच्या ओळखीवर चालत होता. व्यापारी वाईटच असतो असं नाही, पण भाव नव्याने ठरतो तेव्हा समोर बाई आहे हे पाहून तो कमी सांगितला जातो. दोन बागायतदारांना विचारून मगच आकडा बोला.

बायको गेलेल्या पुरुषांची वही वेगळी. मुलीची वेणी, डब्यात रोज काय, लसीची तारीख, कुणाच्या बारशाला काय द्यायचं, सासऱ्यांची गोळी. हे सगळं आई किंवा बहिणीवर टाकून मोकळं व्हायची सोय गावात पुरुषाला असते. ती घेऊ नका. मुलांना आई गेल्यावर बापही कामाच्या नावाखाली गेला असं वाटता कामा नये.

चौथी पायरी : वर्षाचं कॅलेंडर आधीच मांडा

दुःख अचानक येतं असं आपण म्हणतो, पण बरंचसं ते ठरल्या दिवशी येतं. कॅलेंडरवर खुणा करून ठेवा.

गेल्याची तारीख आणि गेल्याची तिथी वेगवेगळ्या दिवशी येतात. श्राद्ध तिथीला होतं, मुंबईच्या मित्रांचे संदेश तारखेला येतात. म्हणजे दरवर्षी तो दिवस तुमच्यावर दोनदा येतो आणि मधले दिवसही तसेच जातात. त्या आठवड्यात मोठं काम, प्रवास, भांडण, काहीही ठरवू नका. शाळेत बाईंना सांगून ठेवा, मूल त्या आठवड्यात गप्प होऊ शकतं.

पितृपक्षात नवऱ्याची तिथी येते. पत्नी गेली असेल तर भाद्रपद वद्य नवमी, अविधवा नवमी. बायको गेलेला तरुण त्या दिवशी पानासमोर बसतो तेव्हा त्याच्या शेजारी कुणीतरी असावं.

गणपती सगळ्यात अवघड. चाकरमानी येतात, घर दणाणून जातं, आरतीत एक आवाज नसतो आणि तो नाही हे सगळ्यांना कळत असतं, पण सणात कोण बोलणार. आमच्या एका शेजारणीने छान केलं. पहिल्या आरतीआधी तिने मुलाला सांगितलं, "बाबा झांज वाजवायचे, यंदा तू घे." नाव घेतलं गेलं आणि घर मोकळं झालं. गौरीच्या ओवशाला सवाष्णींची लगबग असते. त्या दुपारी घरात बसून ऐकत राहायचं की माहेरी जाऊन यायचं, हे आधी ठरवा. दोन्ही बरोबर आहे, फक्त ऐनवेळी कुणी कोपऱ्यात ढकलल्यासारखं होऊ नये.

मग पावसाळा. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, होड्या ओढून ठेवलेल्या, वीज जाते, अंधार लवकर होतो, रस्ता बंद पडतो, मोबाइलला रेंज नाही. ज्यांचं दुःख ताजं आहे त्यांना मृगापासून नारळी पौर्णिमेपर्यंतचे दिवस फार लांब वाटतात. त्यांची तयारी मे महिन्यातच करा. एक बॅटरी, चार्जिंगचा दिवा, रोज संध्याकाळी कुणाला फोन करायचा किंवा कुणाकडे बसायचं ते ठरलेलं, हाताला काम : शिवण, पापड, बचतगटाचा हिशेब, भाजीचे वाफे. दर आठवड्याला एक दिवस तरी घराबाहेर पडायचं, कोसळत असलं तरी.

पाचवी पायरी : सासर, माहेर की मुंबई?

हा निर्णय वर्षभर पुढे ढकला असं सगळे सांगतात आणि ते बरोबर आहे. ते वर्ष सरल्यावर मात्र ठरवावं लागतं. तीन गोष्टी कागदावर लिहा. माझ्या नावावर किंवा हातात दर महिन्याला नक्की येणारा पैसा कुठे जास्त? मुलांची शाळा आणि त्यांची माणसं कुठे? आणि मला कुठे मोकळा श्वास येतो? तिसरा प्रश्न स्वार्थी नाही. सासर सोडलं तरी वारसाहक्क जात नाही, हे लक्षात ठेवूनच विचार करा, म्हणजे भीतीपोटी निर्णय होणार नाही.

सासरी राहणार असाल तर एका घरात दोन दुःखं नांदतात, हे मान्य करून चाला. सासूबाईंचा मुलगा गेलाय. त्या मोठ्याने रडू शकतात, तुम्ही कामाला लागता, मग त्यांना वाटतं हिला काही वाटत नाही आणि तुम्हाला वाटतं त्या मला दोष देतात. कधीतरी दुपारी भांडी आवरून झाल्यावर त्यांच्याजवळ बसा आणि त्याच्या लहानपणीचं काहीतरी विचारा. "आई, तो लहान असताना झाडावरून पडला होता ना?" तिथून बोलणं सुरू होतं. ज्या घरात गेलेल्याचं नाव घेता येतं, तिथे राहणं सोपं जातं.

कुंकू, मंगळसूत्र, बांगड्या, रंगीत साडी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने सगळ्या ग्रामपंचायतींना तसं आवाहन केलं. कोकणातही ठराव झाले. तरी हळदीकुंकवाला हाक येत नाही तिथे येत नाही. माझं मत स्पष्ट आहे : काय ल्यायचं ते तुम्हीच ठरवा आणि एकदा ठरवलं की रोज खुलासा देऊ नका. टिकली लावावीशी वाटली तर लावा, नको वाटली तर कुणी पुरोगामी म्हणावं म्हणून लावू नका. हळदीकुंकू तुमच्या घरी ठेवा, आणि वाडीतल्या सगळ्या बायांना बोलवा, अगदी सगळ्या. कुणीतरी सुरुवात करावी लागते. इद्दतीत, म्हणजे नवरा गेल्यावर पाळायच्या काळात, बसलेल्या मुस्लिम मैत्रिणीचे चार महिने दहा दिवस संपले की तिलाही अशीच हाक हवी असते.

सहावी पायरी : मुलांना खरं सांगा

"बाबा देवाघरी झोपलेत" म्हटलं की लहान मूल झोपायला घाबरतं. "मुंबईला गेलेत" म्हटलं तर कोकणातलं मूल वाट बघतं, कारण मुंबईला गेलेली माणसं गणपतीला परत येतात. सरळ सांगा : बाबा मेले, त्यांचं शरीर थांबलं, ते परत येणार नाहीत, आणि तू काही केलंस म्हणून झालेलं नाही. पाच-सहा वर्षांखालच्या मुलांना कायमचं जाणं समजत नाही. ती पुन्हा पुन्हा विचारतील, दरवेळी तेच उत्तर शांतपणे द्या.

मूल वाढतं तसं ते पुन्हा नव्याने दुःख करतं. पहिलीत असताना गेलेला बाप दहावीच्या निकालाला परत आठवतो, तेव्हा "इतक्या वर्षांनी काय काढलंस?" म्हणू नका. मोठ्या मुलाला "आता तूच घरचा कर्ता" असं कुणी म्हणालं तर त्याच्यासमोरच थांबवा. बारा वर्षांच्या खांद्यांवर ते ओझं नको. मुलीला घरात आईच्या जागी उभी करणंही तितकंच चूक.

सातवी पायरी : वस्तू आणि आवाज

शर्ट, साड्या, चप्पल कधी काढायचे याला मुदत नाही. पण आपल्याकडे हवा ओली आहे. ठेवायचं म्हणून कपाटात ठेवलं आणि दोन पावसाळ्यांत बुरशीने खाल्लं, असं झालं की पुन्हा एकदा गमावल्यासारखं होतं. ठेवायच्या मोजक्या वस्तू नीट वाळवून पत्र्याच्या ट्रंकेत, आत कडुलिंबाचा पाला किंवा डांबरगोळ्या घालून ठेवा आणि दरवर्षी ऑक्टोबरच्या उन्हात काढा. अल्बममधले फोटो मोबाइलवर काढून दोन ठिकाणी साठवा.

फोनचं मात्र लांबवू नका. रिचार्ज बंद पडलेला नंबर काही काळाने दुसऱ्याला दिला जातो आणि बँकेचे ओटीपी त्याच नंबरवर येत असतात. व्हॉट्सॲपचं खातं १२० दिवस वापरलं नाही तर पुसलं जातं. आवाजाचे संदेश, व्हिडिओ, गप्पा दुसऱ्या फोनवर उतरवून घ्या. आज ऐकवत नसेल तरी उतरवून ठेवा, मुलांना पुढे हवं असतं.

समुद्रात गेलेल्यांसाठी वेगळं

होडी उलटली, बाकीचे परत आले आणि एक सापडला नाही. किनाऱ्यावरच्या प्रत्येक कोळी, गाबीत, भंडारी, दालदी वस्तीत असं घर असतं. देह मिळाला नाही की मनाला शेवट मिळत नाही. दार वाजलं की आशा उठते. पॉलीन बॉस या अभ्यासिकेने अशा दुःखाचा वेगळा विचार मांडला. तिचं म्हणणं असं की इथे माणूस एकाच वेळी दोन गोष्टी मनात धरून जगायला शिकतं : तो बहुतेक गेला, आणि कदाचित नाही. दोन्ही मनात असणं वेडेपणा नाही.

कामाचं : पोलीस ठाण्यातली बेपत्ता नोंद, सोसायटीचं पत्र, होडी निघताना घेतलेल्या टोकनची बंदर कार्यालयातली नोंद, बरोबरच्या खलाशांचे जबाब, सगळ्यांच्या प्रती एका फायलीत ठेवा. कायद्याने सात वर्षं काहीच खबर नसेल तर मृत्यू झाल्याचं गृहीत धरता येतं (भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३, कलम १११). अपघाताचा पुरावा पक्का असेल तर त्याआधीही न्यायालयात दाद मागता येते, त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडून महिलांना मोफत वकील मिळतो. देह नसताना करायचा पालाशविधी आपल्या परंपरेत आहे. तो करायचा की थांबायचं, केव्हा करायचा, यात पत्नीचा शब्द शेवटचा असावा. भावकीने घाई केली तर घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाला तुमच्या बाजूने बोलायला सांगा.

मदत केव्हा घ्यायची

आठवण येणं, रडू येणं, सणाला मन न लागणं, हे वर्षानुवर्षं राहू शकतं आणि त्याला औषध लागत नाही. पण वर्ष उलटून गेल्यावरही जवळजवळ रोज तीच तीव्र ओढ, आपलाच एक भाग मेल्यासारखं वाटणं, तो गेला हे खरंच न वाटणं, कशातच अर्थ नाही असं वाटून घर, काम, मुलं हातातून सुटत जाणं, असं असेल तर ते दीर्घकाळ रेंगाळलेलं दुःख आहे. २०२२ पासून आंतरराष्ट्रीय रोगनिदानाच्या सूचींमध्ये त्याची स्वतंत्र नोंद आहे आणि त्यावर बोलण्याचे उपचार आहेत. पुरुषांमध्ये ते बऱ्याचदा दारूच्या रूपात दिसतं. संध्याकाळची बाटली वाढत चालली असेल तर तीही मदत मागायचीच खूण धरा.

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. रत्नागिरीत शासनाचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचारतज्ज्ञ भेटतात. गावात कळेल म्हणून संकोच वाटत असेल तर फोनपासून सुरुवात करा. त्याच्याकडे निघून जावं, जगू नये असे विचार येत असतील तर उद्यावर टाकू नका. आत्ता फोन करा, शेजारच्या घरी जाऊन बसा, घरातली कीटकनाशकं आणि गोळ्या दुसऱ्या कुणाच्या ताब्यात द्या.

दुसऱ्या लग्नाबद्दल

कोकणात बायको गेलेल्या पुरुषाला तेराव्यानंतर स्थळं येऊ लागतात आणि नवरा गेलेल्या बाईने तो विषय काढला तर घर गप्प होतं. १८९३ मध्ये मुरूडच्या धोंडो केशव कर्व्यांनी, स्वतःची पहिली पत्नी राधाबाई गेल्यावर, देवरुखच्या बालविधवा गोदूबाईंशी लग्न केलं. मुरूडकरांनी त्यांना वाळीत टाकलं. तेच कर्वे पुढे भारतरत्न झाले. बहिष्काराची भाषा आता गेली, कुजबुज उरली आहे.

पुरुषांना सांगणं : मुलांना आई हवी म्हणून घाईने लग्न करू नका. येणारी मुलगी आया म्हणून येत नाही. बायांना सांगणं : नव्या माणसाबद्दल ओढ वाटली म्हणजे पहिल्यावरचं प्रेम खोटं होतं असं नाही. ज्याला तुमच्या घरात पहिल्याचा फोटो चालत नाही तो तुमच्यासाठी नाही. मुलांना आधी सांगा, त्यांची परवानगी मागू नका पण त्यांचं ऐका.

कागद इथेही लागतात. पुनर्विवाहाने पहिल्या नवऱ्याकडून मिळालेला वारसाहक्क जात नाही. भविष्य निर्वाह निधीचं विधवा निवृत्तिवेतन मात्र बंद होतं आणि ते मुलांच्या नावे मागावं लागतं. संजय गांधी योजनेचं अनुदानही थांबतं, ते कळवून टाका. लग्नाआधी पहिल्या घरच्या मिळकतीबद्दल मुलांच्या नावाने मृत्युपत्र करा, बँकेतले नॉमिनी तपासा, लग्नाची नोंदणी करून घ्या.

शेजारीपाजारी आणि आप्तांसाठी

"काही लागलं तर सांग" म्हणू नका, ती सांगणार नाही. मेमध्ये या आणि म्हणा, "वैनी, उद्या माणूस येतोय, तुमची पण कौलं फिरवून घेऊ." गेलेल्याचं नाव घ्या, त्याची एखादी आठवण सांगा. तिच्या डोळ्यांत पाणी आलं तर घाबरून विषय बदलू नका. दुसऱ्या, पाचव्या, दहाव्या वर्षीची तिथी मोबाइलमध्ये घालून ठेवा आणि त्या दिवशी फोन करा. बायको गेलेल्या माणसाला रविवारी मुलांसकट जेवायला बोलवा, फक्त डबा पाठवून थांबू नका. आणि तहसिलीला जायचं असेल तर बरोबर जा. रांगेत उभं राहायला दुसरं माणूस असलं तर अर्धं काम तिथेच होतं.